वाचकांचे प्रश्न: ‘शेप’ म्हणजे नक्की काय, सहा टॅकलचा हिशोब आणि थकलेला हात

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगवर सहज अर्धं पान लिहिलं होतं. म्हटलं कोण वाचतंय, आपल्याकडे क्रिकेट सोडून दुसरं काही छापलं की लोक पान उलटतात. पण प्रश्न आले चक्क. पुण्यातून आले, नाशिकहून आले, आणि इथे सिडनीतून तर विचारूच नका, कारण पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल या पट्ट्यात आपली बरीच माणसं राहतात, पोरं शाळेतून हा खेळ घरी आणतात आणि आईबाप शनिवारी सकाळी थर्मास घेऊन रेघेवर उभे, समोर काय चाललंय ते कळत नाही पण टाळ्या मात्र वाजवतात. मीही त्यातलाच एक होतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका बाजूला १३ खेळाडू, ८० मिनिटं, बॉल हातात घेऊन पळायचं, हाताने पास फक्त मागे द्यायचा. पकडून पाडलं की एक टॅकल झाला, उठायचं, पायाने बॉल मागे सरकवायचा, परत सुरू. असे सहा टॅकल, याला म्हणतात सेट. सहाव्यावर पकडला गेलात की बॉल समोरच्यांचा, म्हणून पाचव्यानंतर बहुतेक किक मारतात. रेघेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय, त्याचे ४ पॉइंट, नंतरची किक खांबांमधून गेली की अजून २. बाकी सगळी भानगड यातूनच निघते.

प्रश्न: माझा मुलगा अंडर-१४ ला खेळतो. कोच सारखा ‘शेप धरा, शेप धरा’ म्हणून ओरडत असतो. मुलाला विचारलं तर म्हणतो आई तुला नाही कळणार. शेप म्हणजे नेमकं काय? (एक आई, वेंटवर्थव्हिल)

ताई, कळेल, नक्की कळेल, फक्त मिसळणाचा डबा काढा. मी गेल्या दिवाळीत माझ्या वहिनीला असंच समजावलं होतं.

ओट्यावर पाच चमचे एका ओळीत उभे मांडा, हे समोरचे बचाव करणारे. आता आपल्या वाट्या. मोहरी म्हणजे ७ नंबरवाला, हाफबॅक, बॉल त्याच्या हातात. हळद म्हणजे ११ किंवा १२ नंबरचा धिप्पाड गडी. तिखट म्हणजे १ नंबर, फुलबॅक, सगळ्यात मागे असतो तो. जिरं सेंटर, मेथी एकदम कडेचा विंगर. आता मोहरी बॉल घेऊन चमच्यांच्या ओळीकडे तिरकी पळत येते. हळद सरळ रेषेत, जीव तोडून, दोन चमच्यांच्या मधल्या फटीकडे घुसते, बॉल मलाच मिळणार अशा थाटात. आणि त्याच वेळी तिखट मागून हळदीच्या पाठीआडून वळसा घालत बाहेरच्या बाजूला येतं.

मोहरी शेवटच्या क्षणापर्यंत काहीच ठरवत नाही, ती फक्त चमच्याकडे बघते. चमचा हळदीकडे वळला नाही तर छोटा पास हळदीला, ती भोक पाडून जाते. वळला तर हळदीच्या पाठीमागून पास तिखटाला, आणि आता बाहेर तिखट, जिरं, मेथी असे तिघे आणि समोर चमचे दोनच. याला इथे ब्लॉक म्हणतात आणि टीव्हीवर तुम्ही जे काय बघता त्यातला मोठा भाग याच एका आकृतीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, डावीकडे, उजवीकडे, एक हळद, दोन हळदी, कधी मोहरी पास द्यायचं दाखवून स्वतःच घुसते, कधी पायाने बॉल मागे टाकते.

माझी वहिनी हे सगळं ऐकून म्हणाली, म्हणजे राबायचं हळदीने आणि नाव व्हायचं तिखटाचं. अगदी बरोबर आणि सगळी गोम तिथेच आहे. हळदीला दहातल्या आठ वेळा बॉल मिळत नाही. पण ती जर मनातून म्हणाली की आपल्याला कुठे मिळणारे बॉल, आणि जरा हलक्या पायाने पळाली, तर समोरचा चमचा ओळखतो, त्याला डोळे आहेत, तो सरळ तिखटावर जातो आणि खेळ खलास. म्हणजे शेप हा पासांचा नसतोच मुळी, समोरच्याला अर्धा सेकंद गोंधळात टाकायचा असतो आणि तो गोंधळ बॉल नसलेली माणसं करतात.

कोच ओरडतो त्याचं कारण वेगळं. या वयाची पोरं बॉलकडे गुळाला मुंग्या लागाव्यात तशी धावतात, मधलं अंतर राहत नाही, तिखट फार लवकर पुढे येतं आणि मग पास पुढे जातो नाहीतर जमिनीवर पडतो. ‘शेप धरा’ म्हणजे अंतर धरा, उशिरा या, जोरात या. आणि हो, हळदीने चमच्याला धडकून अडवायचं नाही हं, त्याचा रस्ता रोखला की ऑब्स्ट्रक्शन, ट्राय झाली असली तरी रद्द. मोठमोठ्या मॅचमध्ये यावरून व्हिडिओ बघत बसतात पाच पाच मिनिटं, तोवर आपली भजी गार.

मुलाला एकच विचारून बघा, बॉल तुला मिळणार नसेल तेव्हा तू कसा पळतोस? गप्प बसला तर समजा कोचने त्यावरच झापलंय.

प्रश्न: २०२३ ची एनआरएल (म्हणजे ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची मुख्य स्पर्धा) फायनल मी मोबाइलवर पाहिली. ब्रिस्बेन ब्रॉन्कोस २४-८ ने पुढे होते. एवढं झाल्यावर पेनरिथ पॅन्थर्सने असा काय नवीन डाव काढला? (पुणे)

नवीन काहीच काढलं नाही हो. उलट कमी केलं. पण आधी कबुली देतो, २४-८ झालं तेव्हा मी उठून चहा टाकायला गेलो होतो. ज्याच्या घरी मॅच बघत होतो तो मित्र ब्रॉन्कोसवाला, तो सोफ्यावर चढून नाचत होता, आणि एझ्रा मॅमने हाफ टाइमनंतर बघता बघता तीन ट्राय ठोकल्या होत्या, म्हटलं आता बघण्यासारखं काय उरलंय. त्यात पेनरिथचा ६ नंबर जेरोम लुआय खांदा धरून बाहेर, त्याच्या जागी जॅक कॉगर, जो एरवी बेंचवरचा माणूस.

आता हिशोब बघा. १६ पॉइंट मागे म्हणजे तीन ट्राय आणि तिन्हींच्या किक, एक चुकली तर फार तर बरोबरी. वेळ उरला साधारण २५ मिनिटं. तेवढ्यात आपल्या हातात बॉल किती वेळा येणार, फार तर दहाबारा सेट. अशा वेळी कच्चा संघ काय करतो, प्रत्येक सेटमध्ये ट्राय करायला जातो, दुसऱ्याच टॅकलवर बॉल इकडून तिकडे फेकतो, लांब पास, आणि चारातले तीन सेट स्वतःच घालवतो. पेनरिथने आधी बॉल सांभाळला, सरळ पळाले, मीटर काढले आणि शेवटची निवड नेथन क्लिअरीवर सोडली. तो ब्लॉकचा सगळा फुलोरा बराच छाटून टाकला आणि उरलं काय तर क्लिअरी, त्याच्या बाजूला एक सरळ पळणारा आणि समोर दमलेली माणसं.

पहिला ट्राय असा आला की क्लिअरीने स्वतःच लाइन फोडली आणि मोझेस लिओटाला बॉल दिला, लिओटा म्हणजे प्रॉप, सगळ्यात जड मंडळींपैकी, पण तो त्याच्या सोबत पळत आला होता, बॉल मिळेल की नाही याची खात्री नसताना. आली परत हळद! २४-१४. स्वयंपाकघरातून मी फक्त ओरडा ऐकला.

मग ४०/२० ची किक. हे जरा समजून घ्या, कारण अनुभव म्हणजे काय ते इथे दिसतं. तुम्ही आपल्याच बाजूच्या ४० मीटरच्या रेघेमागून किक मारली आणि बॉल मैदानात टप्पा खाऊन समोरच्यांच्या शेवटच्या २० मीटरमध्ये बाहेर गेला तर बॉल परत तुमचाच, तिथून नवीन सहा टॅकल. चुकली तर आयता बॉल समोरच्यांना. १० पॉइंटनी मागे असताना फायनलमध्ये हे करायला जिगर तर लागतेच, पण आधी डोळे लागतात, समोरचा विंगर कुठे उभा आहे, फुलबॅक कुठल्या बाजूला सरकलाय ते बघितलेलं असावं लागतं. ती बसली. थोड्याच वेळात स्टीव्हन क्रायटनचा ट्राय, २४-२०. आणि शेवटची चारेक मिनिटं उरली असताना क्लिअरी एकटा, उजवीकडून आत पाय टाकून दोघातिघांच्या मधून गेला आणि किक पण त्यानेच मारली. २६-२४. फायनलमध्ये इतक्या मागून येऊन त्याआधी कोणीच जिंकलं नव्हतं.

मित्र भांडी घासायला लागला होता तेव्हा. एकही शब्द न बोलता.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, डाव तोच, पण त्यातलं काय टाकून द्यायचं ते त्यांना माहीत होतं. सगळा शेप पाठ असलेले संघ खूप असतात. कुठल्या मिनिटाला तो गुंडाळून ठेवायचा हे ज्यांना कळतं ते कमी.

प्रश्न: मी शाळेत कबड्डी शिकवतो. तुम्ही अनुभव अनुभव म्हणता, पण या पेनरिथ संघातली पोरं तर वीस-बावीस वर्षांची होती. मग अनुभव आला कुठून? (नाशिक)

सर, प्रश्न आवडला, कबड्डीवाले असेच आडवे प्रश्न विचारतात.

२०२० पासून सुरू करतो. त्या वर्षी पेनरिथ लागोपाठ १७ मॅच जिंकून फायनलला आले. समोर मेलबर्न स्टॉर्म, त्यांचा कॅप्टन कॅमेरॉन स्मिथ, ३७ वर्षांचा, ९ नंबर हुकर, आणि ही त्याची ४३० वी मॅच, शेवटचीच. दिसायला म्हणाल तर बँकेतला कारकून. पळायला फार वेगवान नाही, पाडायला फार जड नाही, पण टॅकल झाल्यावर उठायला किती वेळ लावायचा, कधी पटकन खेळायचं, कधी रेफ्रीशी दोन शब्द गोड बोलून आपल्या माणसांना दम घेऊ द्यायचा, या सगळ्यात पोहोचलेला माणूस. पेनरिथवाल्यांनी घाई केली. हाफ टाइमच्या आधी स्टॉर्मच्या वुनिवालूने पास हवेतच पकडला आणि जवळजवळ अख्खं मैदान पळत जाऊन ट्राय केली. हाफ टाइमला २२-०, नंतर २६-०. मग पोरं जागी झाली, २० पॉइंट काढले, पण संपलं २६-२० वर.

पुढच्या वर्षी, २०२१, फायनल करोनामुळे सिडनीऐवजी ब्रिस्बेनला. समोर साउथ सिडनी रॅबिटोज. ८-८ वर अडलेली मॅच, आणि यावेळी इंटरसेप्ट कोणी केला तर पेनरिथच्या क्रायटनने, नुकताच २१ चा झालेला पोरगा, कोडी वॉकरचा लांब पास त्याने वाटेतच उचलला. १४-१२ ने जिंकले. वर्षभरापूर्वी ज्या विषाने मेले तेच औषध म्हणून वापरलं असं म्हणा हवं तर. कुठला पास कधी हवेत जास्त वेळ राहतो आणि देणारा कधी दमलेला असतो, हे त्यांच्या अंगावरून गेलेलं होतं.

दुसरी गोष्ट, आणि ही तुम्हाला जास्त पटेल. लुआय, क्रायटन, ब्रायन टोओ ही पश्चिम सिडनीतल्या माउंट ड्रुइटकडची पोरं, क्लिअरीसोबत ज्युनियर संघांमधून वर आलेली, आणि क्लिअरीचा बाप आयव्हन हाच मोठ्या संघाचा कोच. म्हणजे प्रत्येकाचा वैयक्तिक अनुभव कमी असेल पण एकमेकांचा अनुभव जुना. तुमच्याकडे कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा साखळीतला, दोघे वर्षानुवर्षं हात धरून उभे असतील तर चढाई करणाऱ्याने बोनससाठी पाय टाकला की कोणी कोणाला हाक मारायची गरज पडते का? तसंच. मला तर वाटतं ‘किती मॅच खेळला’ हा आकडा टीव्हीवाले उगाच दाखवतात, ‘शेजारच्याबरोबर किती मॅच खेळला’ हा दाखवायला पाहिजे.

त्यानंतर २०२२, २०२३, २०२४ पण त्यांनीच नेली. सलग चार.

प्रश्न: आम्ही पॅरामॅटा ईल्सवाले, १९८६ नंतर कप बघितला नाही. माझं ठाम मत आहे की रेफ्री आमच्यावरच जास्त पेनल्ट्या लावतात. आणि ती मधूनच घंटा वाजते ती कसली? (हॅरिस पार्क)

काका, (काकाच असणार, १९८६ आठवतंय म्हणजे,) रेफ्रीबद्दल बोलून मला इथे राहायचं अवघड करू नका. २०२२ ची फायनल आठवते ना, पेनरिथ विरुद्ध तुमचे ईल्स, पश्चिम सिडनीतलं घरचंच भांडण, हाफ टाइमला १८-० आणि शेवट २८-१२. त्या दिवशी रेफ्रीला दोष द्यायला कोणी जागाच ठेवली नव्हती.

घंटेचं सांगतो. २०२० पासून नियम आला की टॅकल करणारे खालच्या माणसावर उगाच पडून राहिले, उठायला वेळ लावला, तर रेफ्री बहुतेक वेळा शिट्टी मारून खेळ थांबवत नाही, हात वर करून इशारा देतो आणि टीव्हीवर टण्ण करून वाजतं. अर्थ काय, मोजणी परत पहिल्यापासून, अजून सहा टॅकल घ्या. पुढच्या वर्षी ऑफसाइडलाही, म्हणजे बचाववाले १० मीटर मागे न जाता आधीच पुढे आले तर, तेच लावलं.

लोकांना वाटतं पेनल्टी म्हणजे समोरच्याला २ पॉइंटची किक मिळते एवढंच नुकसान. नाही हो. खरं नुकसान पायात जातं. समजा तुम्ही चार टॅकल चांगले केले, आता दोनच उरले, प्रॉपची जोडी धापा टाकतेय पण म्हणतेय अजून दोन, आणि टण्ण. परत सहा. शंभर-एकशेदहा किलोचा माणूस परत १० मीटर मागे पळणार, परत पुढे येऊन धडकणार. बदली खेळाडू आत-बाहेर करायला अख्ख्या मॅचमध्ये आठच संधी, त्या पण संपतात. आणि मग जे होतं ते मी इतक्या वेळा रेघेजवळ उभं राहून बघितलंय की आता आधीच कळतं. दमलेल्या माणसाचे पाय थांबतात. पाय थांबले की तो शरीराने टॅकल करत नाही, हात लांब करतो. समोरचा पळता पळता जरा वाकतो किंवा घसरतो, आणि जो हात छातीवर बसणार होता तो जबड्यावर बसतो. झालं, सिन बिन, १० मिनिटं बाहेर. आपल्या कबड्डीत पिवळं कार्ड दोन मिनिटांचं असतं, इथे दहा. ६८ मीटर रुंदीच्या मैदानावर आता बारा जण, त्यातले किकसाठी दोनतीन मागे ठेवायचेच, म्हणजे पुढच्या ओळीत नऊ-दहा, आणि मगाशी ती ओट्यावरची चमच्यांची ओळ सांगितली ना, त्यातला एक चमचा काढून बघा, बाहेरच्या मेथीला आता कोणी विचारत नाही.

तेव्हा ‘डोकं थंड ठेवा’ हे जे भाषणात सांगतात ते अर्धंच आहे, बऱ्याच वेळा डोकं थंडच असतं, पाय संपलेले असतात.

पण डोकं गरम झाल्याची किंमत पण सांगतो. २०२१ चा ऑगस्ट, साउथ सिडनीचा फुलबॅक लेट्रेल मिचेल, काय खेळाडू आहे, एका हाताने दोन माणसं झटकतो. जुन्या क्लबविरुद्धच्या मॅचमध्ये त्याने जोसेफ मानूला असा वरचा टॅकल मारला की मानूच्या गालाचं हाड मोडलं, आणि हे दोघं आधी एकाच संघातले. सहा मॅचची बंदी. म्हणजे प्लेऑफ आणि फायनल सगळंच गेलं. त्याच्या जागी ब्लेक टाफ नावाचा नवखा पोरगा फुलबॅकला, त्याने बिचाऱ्याने काही वाईट केलं नाही, पण वर सांगितलं तसं फायनल साउथ सिडनी हरले दोन पॉइंटनी. लेट्रेल असता तर जिंकलेच असते असं छातीठोक नाही म्हणणार मी. पण दोन पॉइंट, काका. एका किकचा फरक.

याच्या उलटही बघा, ते २०२० वालं स्टॉर्म. शेवटच्या काही मिनिटांत त्यांचे दोघे सिन बिनमध्ये, मैदानावर ११ जण, तरी टिकले. ते मुद्दाम होतं की नाही ते तेच जाणोत, घड्याळ मात्र त्यांच्या बाजूला होतं. वरच्या ताईंना विनंती, हा परिच्छेद मुलाला वाचून दाखवू नका.

आणि रेफ्रीचा निर्णय नाहीच पटला तर कॅप्टनला चॅलेंज असतं, बरोबर निघालं तर राहतं, चुकलं तर गेलं. चिडलेले संघ ते पहिल्या वीस मिनिटांत घालवतात.

प्रश्न: जून २०२५ मध्ये मी अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग बघायला गेलो होतो. ती आणि ही एकच का? (मुंबई)

नाही. अंधेरीला बघितलीत ती सेव्हन्स, सात-सात जणांची, आणि ती रग्बी युनियनच्या घराण्यातली. लीग वेगळी. १८९५ मध्ये इंग्लंडात हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि फुटून निघाले, कारण काय तर खाणीत-गिरणीत काम करणारे खेळाडू मॅचसाठी सुट्टी घ्यायचे, पगार बुडायचा, तो भरून द्या म्हणत होते, आणि वरचे साहेब म्हणत होते खेळ हौसेने खेळायचा, पैसे कसले. मग यांनी हळूहळू नियम पण बदलले, १५ चे १३ केले, पकडल्यावर ढिगाऱ्यात झोंबाझोंबी करायच्या ऐवजी उठून बॉल मागे सरकवायचा असं आणलं. टॅकल मोजायला लागले ते खूप नंतर. गिरणगावातल्या माणसाला हे भांडण कोणी समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्न: २०२३ मध्ये आमचे ब्रॉन्कोस १६ पॉइंटची आघाडी घालवून बसले, त्यावर सगळे बोलतात. २०२५ बद्दल का नाही लिहिलं? पेनरिथचे फॅन दिसता. (ब्रिस्बेन)

नाही नाही, फॅन वगैरे नाही, पेनरिथच्या ग्राउंडला ट्रेन सरळ जाते इतकंच. आणि तुमचं म्हणणं रास्त आहे.

२०२५ ची फायनल, स्टॉर्म हाफ टाइमला २२-१२ ने पुढे, आणि दुसऱ्या हाफमध्ये ब्रॉन्कोसने त्यांना एकही पॉइंट करू दिला नाही, २६-२२. सगळे रीस वॉल्शबद्दल बोलले आणि त्याला सामनावीराचं मेडलही मिळालं, बरोबरच आहे, तो पळायला लागला की लोक खुर्चीतून उठतात. पण मी बघत होतो कॅप्टन ॲडम रेनॉल्ड्सकडे. या माणसाचं बघा: २०१४ ला साउथ सिडनीकडून जिंकला. २०२१ ला त्याच साउथ सिडनीकडून त्या १४-१२ वाल्या फायनलमध्ये कोपऱ्यातून बरोबरी करायची किक त्याचीच, अगदी कडेच्या रेघेवरून, चुकली. शेवटी लांबून दोन पॉइंटचा ड्रॉप गोल (खेळ चालू असतानाच बॉल टप्पा पाडून खांबांमधून मारायची किक) मारून बघितला, तो पण पोहोचला नाही. मग तुमच्याकडे आला, आणि २०२३ ला कॅप्टन असताना २४-८ ची आघाडी डोळ्यांदेखत गेली. आणि २०२५ ला वयाच्या ३५ व्या वर्षी परत फायनल.

आणि बेन हंट. २०१५ ची फायनल, ब्रॉन्कोस विरुद्ध नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज, १६-१६, ज्यादा वेळ, गोल्डन पॉइंट म्हणजे जो आधी एक पॉइंट काढेल तो जिंकला. सुरुवातीचीच किक सरळ हंटच्या हातात आली आणि हातातून सुटली. पुढच्या काही क्षणांत जोनाथन थर्स्टनने ड्रॉप गोल मारला, १७-१६. दहा वर्षं लोकांनी तो एक सुटलेला बॉल त्याला ऐकवला असेल, मधे तो दुसऱ्या क्लबला गेला, परत आला, आणि २०२५ ला त्याच ब्रॉन्कोसच्या जर्सीत कप उचलला. हाफ टाइमला दहा पॉइंट मागे असलेल्या ड्रेसिंग रूममध्ये असे दोघे बसलेले असतात तेव्हा तिथे काय बोललं गेलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या हाफमध्ये कोणी घाई केली नाही एवढं दिसलं.

प्रश्न: पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच ग्राउंडवर मॅच बघायला जातोय. तिकीट कुठलं काढू? (वेस्टमीड)

सगळे म्हणतील मधल्या रेघेजवळचं काढ, महागडं. माझं ऐकाल तर खांबांच्या मागचं काढा, जरा वरच्या ओळीतलं. बाजूने बघितलं की फक्त कोण किती पळाला ते दिसतं. मागून बघितलं की दोन चमच्यांमधली फट दिसते, हळद घुसताना दिसते आणि तिखट मागून येतंय ते तुम्हाला समोरच्या बचाववाल्याच्या आधी दिसतं. बॉलकडे बघू नका पहिली दहा मिनिटं, अवघड जातं पण बघू नका. ११ आणि १२ नंबरकडे बघा.

जॅकेट घ्या. मागच्या बाजूला वारं फार असतं.